देणगीदारांपुढे वर्षाचा हिशेब: संस्थेच्या कामाचा परिणाम व्हिडिओतून कसा मांडावा

पुण्यातील बहुतेक सामाजिक संस्थांमध्ये ३१ मार्च उलटला की वार्षिक अहवालाची धावपळ सुरू होते. विश्वस्तांचे मनोगत, उपक्रमांची यादी, पाहुण्यांची छायाचित्रे आणि शेवटी ताळेबंद अशी पुस्तिका छापून हातात येईपर्यंत गणपती तोंडावर आलेले असतात आणि ती शेवटपर्यंत वाचणारे देणगीदार फार थोडे असतात. म्हणून अनेक संस्था आता पुस्तिकेच्या जोडीला व्हिडिओ करू लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्यांतील बऱ्याच व्हिडिओंमध्ये तीच पुस्तिका संगीतासह पानापानाने उलगडत जाते. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेसाठी मी काही वर्षे हे काम करते आहे. वार्षिक व्हिडिओने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे: ज्यांनी पैसे दिले, त्यांच्या पैशांनी या वर्षी कोणाच्या आयुष्यात नेमके काय बदलले? देणगीदाराला हिशेब देण्याच्या भावनेने व्हिडिओ केला, तर काय घ्यावे आणि काय गाळावे हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

कॅमेऱ्याच्या आधी वही

चित्रीकरणाचा विचार करण्यापूर्वी संस्थेतील दोघा-तिघांनी एकत्र बसून दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात आपण काय केले ते लिहावे आणि दुसऱ्यात त्यामुळे काय झाले ते लिहावे. ‘२०० दप्तरे वाटली’ हे पहिल्या रकान्यात जाते. ‘मुलांचे शाळेत जाणे वाढले’ हे दुसऱ्यात, पण तेही हजेरीची नोंद हाती असेल तरच. बहुतेक संस्थांचा पहिला रकाना भराभर भरतो आणि दुसऱ्यापाशी लेखणी थांबते. त्या थांबण्याला घाबरू नये. दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे तीनच ओळी उतरल्या, तर व्हिडिओ त्या तीन ओळींचा करावा.

आकडा निवडताना तो खरोखर आपल्या कामाचा आहे का, हे तपासावे लागते. ‘आमच्या अभ्यासिकेतील ९५ टक्के मुले दहावी उत्तीर्ण झाली’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते. पण २०२४ मध्ये राज्याचा दहावीचा एकूण निकालच ९५.८१ टक्के होता आणि २०२५ मध्ये तो ९४.१० टक्के लागला. म्हणजे अभ्यासिका नसती तरी जवळजवळ तेवढीच मुले उत्तीर्ण झाली असती, असे एखादा जाणता देणगीदार म्हणाला तर आपल्यापाशी उत्तर नसते. पुण्यात असे देणगीदार कमी नाहीत. आयुष्यभर बँकेत, शाळेत किंवा लेखापरीक्षणात काम केलेली ही माणसे आकडा वाचत नाहीत, तपासतात. त्यापेक्षा नववीत नापास होऊन शाळा सोडलेल्या किती मुलांनी सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून परीक्षा दिली किंवा दहावीनंतर किती मुलींनी खरोखर अकरावीत प्रवेश घेतला, हा आकडा लहान असला तरी आपला असतो.

आकड्याला नेहमी त्याचा पाया जोडावा. समजा, जूनमध्ये ६० मुलांनी नावे नोंदवली आणि मार्चपर्यंत ४१ मुले नियमित आली, तर ‘६० पैकी ४१’ असेच म्हणावे. उरलेली १९ मुले का थांबली, हे एका वाक्यात सांगितल्याने संस्थेची पत कमी होत नाही. कोणाचे कुटुंब भाडे परवडेना म्हणून दुसऱ्या वस्तीत गेले, कोणी कामाला लागले. हे ऐकल्यावरच उरलेल्या ४१ मुलांचे टिकणे किती कष्टाचे होते, हे देणगीदाराला उमगते.

वेळेबद्दल थोडक्यात सांगते. देणगीचे करसवलतीसाठीचे प्रमाणपत्र मे महिन्याच्या अखेरपर्यंत देणगीदाराला द्यावे लागते आणि संस्थेकडून आलेला तो संदेश देणगीदार हमखास उघडतो; त्याच संदेशासोबत व्हिडिओ पाठवावा, असा माझा अनुभव आहे. त्या वेळी लेखापरीक्षण पूर्ण झालेले नसेल, तर खर्चाच्या आकड्यांखाली ‘लेखापरीक्षणापूर्वीचे’ असे स्पष्ट लिहावे. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि मुले गावी जातात, म्हणून चित्रीकरण फेब्रुवारीतच उरकावे लागते. एप्रिलमध्ये कॅमेरा काढला तर रिकाम्या खोल्यांशिवाय काही मिळत नाही.

ज्यांचे चित्रण करायचे, त्यांची संमती

या भागाकडे घाईगर्दीत सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत संस्थेला नव्हे, त्या माणसाला मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलीची गोष्ट व्हिडिओत घेतली होती. तिची आणि तिच्या आईची सही आम्ही घेतली होती, चित्रीकरणही सुंदर झाले होते. निवेदनात मात्र ‘व्यसनी वडिलांच्या छायेत वाढलेली’ असे शब्द आम्ही घातले. व्हिडिओ देणगीदारांसाठी होता, पण व्हॉट्सअॅपवरून तो दोन दिवसांत फिरत फिरत तिच्याच वर्गातल्या मुलांच्या फोनवर पोहोचला. ती आठ दिवस अभ्यासिकेत आली नाही. तिच्या आईने आम्हाला एवढेच विचारले, “ताई, हे सगळ्यांना सांगायची काय गरज होती?” आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला, परंतु लोकांच्या फोनवरून तो आम्हाला काढता येणार नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी कसोशीने पाळतो. संमतिपत्र मराठीत असते आणि ते वाचून दाखवले जाते. व्हिडिओ कुठे कुठे दिसेल, तो पुढे पाठवला जाईल आणि मग त्यावर कोणाचाच ताबा राहणार नाही, हे त्यात साध्या शब्दांत सांगितलेले असते. नकार दिला तरी संस्थेची मदत थांबणार नाही, हे वाक्य लेखी असतेच, शिवाय तोंडीही सांगितले जाते. कारण ज्या संस्थेकडून मुलाची फी भरली जाते, तिला नाही म्हणणे कोणत्याही आईला जड जाते. संमती मागायला आम्ही शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यकर्त्याला पाठवत नाही. तयार झालेला व्हिडिओ बाहेर जाण्यापूर्वी त्या कुटुंबाला त्यांच्या घरी बसून दाखवला जातो आणि ते सांगतील ते वाक्य किंवा दृश्य काही न विचारता काढले जाते. ‘ही गोष्ट तिच्या वर्गात, तिच्या चाळीत, तिच्या भावी सासरी पाहिली गेली तर तिला चालेल का?’ ही कसोटी लावली की बरेचसे शब्द आपोआप गळतात.

काही बाबतींत मात्र संमती मिळूनही चालत नाही. बालगृहातील किंवा निरीक्षणगृहातील मुलांची, तसेच अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा त्यात साक्षीदार असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे; नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ज्यावरून मूल ओळखता येईल असा कोणताही तपशील त्यात येतो आणि उल्लंघनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा ठिकाणी चेहरा धूसर करून भागत नाही, कारण आवाज, गणवेश, मागची पाटी यांवरूनही ओळख पटते. हातांची, वह्यांची, रांगेत ठेवलेल्या चपलांची, अंगणाची दृश्ये घ्यावीत आणि गोष्ट काळजीवाहक ताईंच्या तोंडून सांगावी. संगणकाने बनवलेले कृत्रिम चेहरे किंवा नक्कल केलेले आवाज हिशेबाच्या व्हिडिओत वापरू नयेत, असे मला ठामपणे वाटते. देणगीदार जे पाहतो ते घडलेले आहे, या विश्वासावरच हा सारा व्यवहार उभा आहे.

मुलाखत: प्रश्न बदलला की उत्तर बदलते

“संस्थेमुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?” असा प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारला, की समोरची व्यक्ती सावरून बसते आणि पाठ केल्यासारखे आभार मानू लागते. त्यातून कोणाचेही चित्र उभे राहत नाही. त्याऐवजी एखाद्या ठरावीक दिवसाबद्दल विचारावे. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणाऱ्या आणि धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या एका आईला आम्ही विचारले, “काल संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं, ते सांगाल का?” त्या सांगू लागल्या आणि मध्येच सहज म्हणाल्या, “आता मी किल्ली शेजारी ठेवतच नाही. आधी ठेवायचे. पोरगी शाळेतून यायची, दार उघडायची, एकटीच बसायची. माझं निम्मं लक्ष घराकडे. आता ती अभ्यासिकेतून आठला येते, तेव्हा मी घरात असते.” किल्लीचे हे वाक्य कोणत्याही संहितेत लिहून सुचले नसते. आम्ही नंतर ती किल्ली, दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेली, पाच सेकंद चित्रित केली आणि व्हिडिओची सुरुवात त्याच दृश्याने केली.

मुलाखत घेणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. ती बाई जमिनीवर बसली असेल तर आपणही जमिनीवर बसावे. उत्तर संपले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. तीन-चार सेकंद गप्प राहिले, की पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. गर्दी टाळावी आणि संस्थेचे पदाधिकारी खोलीत नसावेत, कारण त्यांच्याकडे पाहतच उत्तरे दिली जातात.

मोबाइल, प्रकाश आणि आवाज

तीन मिनिटांच्या व्हिडिओसाठी चांगला मोबाइल, साधा स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक एवढे पुरते. भिंग सुती रुमालाने पुसावे, फोन विमान मोडवर टाकावा आणि मुख्य व्हिडिओसाठी तो आडवाच धरावा. बोलणाऱ्याचा चेहरा खिडकीकडे असावा. खिडकी पाठीशी आली तर चेहरा काळा पडतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले, की बहुतेक फोनमध्ये प्रकाश आणि फोकस तेथेच कायम राहतो.

ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करताना पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, ते फोन बिघडल्यामुळे नव्हे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चित्रे टिपण्यासाठी लावलेला असतो; हा मेळ बसत नाही. फोनमध्ये सेकंदाला २५ चित्रांचा पर्याय असेल तर तो निवडावा, किंवा शटरचा वेग १/५० सेकंदावर ठेवावा. काहीच जमले नाही तर दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात बसावे.

प्रेक्षक थोडे अंधुक चित्र सहन करतो, पण न कळणारे बोलणे ऐकून लगेच व्हिडिओ बंद करतो, म्हणून आवाजाकडे चित्रापेक्षा अधिक लक्ष द्यावे. छताचा पंखा बंद करावा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. तेथे भिंतीशी गोधड्या टांगल्या किंवा चादरी पसरल्या तर बराच फरक पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी चित्रीकरण ठेवले आणि जागा नदीपात्राजवळची असली, तर ढोल-ताशा पथकांचा सराव प्रत्येक वाक्यामागे ऐकू येतो. अशा वेळी सकाळ गाठावी. बोलणे संपल्यावर सर्वांनी शांत राहून खोलीचाच तीस सेकंदांचा आवाज वेगळा मुद्रित करावा, संकलनात वाक्यांमधले सांधे बुजवायला तो फार उपयोगी पडतो.

मुलाखतीनंतर लगेच निघू नये. हात, वही, पायऱ्या, पाण्याचा पिंप, फळ्यावरचे अर्धे पुसलेले गणित अशी दृश्ये प्रत्येकी दहा सेकंद, फोन न हलवता, एकदा लांबून आणि एकदा जवळून घ्यावीत. ड्रोनचा मोह बहुतेक संस्थांनी टाळलेला बरा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, त्यामुळे उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशावर परवानगीचे क्षेत्र पाहावेच लागते आणि वस्तीची छपरे वरून दाखवून परिणाम काही दिसत नाही.

व्यावसायिक किंवा माध्यमशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची मदत पुण्यात मिळू शकते; फिल्म इन्स्टिट्यूट आणि रानडे इन्स्टिट्यूट असलेले हे शहर आहे. मदत विनामूल्य असली तरी मूळ चित्रीकरणाची प्रत कोणाकडे राहील, हक्क कोणाचे असतील आणि दुरुस्त्या किती वेळा होतील, हे कागदावर लिहून घ्यावे.

तीन मिनिटांची संहिता

मराठीत सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांत दृश्यांनाही श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून निवेदन अडीचशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. पहिल्या दहा सेकंदांत बोधचिन्ह, दीपप्रज्वलन किंवा स्थापनेचा इतिहास नको. तेथे माणूस हवा. एका व्यक्तीपासून सुरुवात करून मग ‘अशी या वर्षी ४१ मुले’ असा आकडा आणला, की आकड्याला चेहरा मिळतो. त्यानंतर काय जमले नाही ते सांगावे, मग पैसा कशावर खर्च झाला ते शंभर रुपयांच्या हिशेबात दाखवावे आणि त्यात कार्यालयीन खर्च व कार्यकर्त्यांचे मानधन लपवू नये. अभ्यासिका शिकवणाऱ्या ताईमुळे चालते. तिचे मानधन हा कामाचाच खर्च आहे, हे देणगीदाराला समजावण्याची इतकी चांगली संधी दुसरी नाही. विश्वस्तांना बोलायचे असल्यास शेवटी वीस सेकंद द्यावेत, आणि अध्यक्षांना हे चित्रीकरणापूर्वीच सांगावे.

निवेदनातून ‘बिचारे’, ‘अंधारातून प्रकाशाकडे’, ‘आमच्यामुळे’ हे शब्द काढून टाकावेत. मुलीने अभ्यास केला, आईने चार घरची कामे करून तिला शिकवले, संस्थेने जागा, दिवा आणि शिकवणारी व्यक्ती दिली. क्रियापदांची ही वाटणी निवेदनात नीट राखावी.

चित्रपटगीत पार्श्वभूमीला लावू नये. काम धर्मादाय असले तरी हक्कांचा नियम बदलत नाही आणि यूट्यूब असा आवाज आपोआप ओळखते. संतांचे अभंग जुने व हक्कमुक्त असले, तरी कोणा गायकाने गायलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. अभ्यासिकेतील मुलांनी गायलेली प्रार्थना किंवा यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातील मोफत संगीत वापरावे, आणि मुलाखतीच्या वेळी संगीत पूर्ण थांबवावे.

सबटायटल आवश्यक आहेत. अनेक जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात आणि आपल्या ज्येष्ठ देणगीदारांपैकी कित्येकांना कमी ऐकू येते. आपोआप तयार होणारी मराठी सबटायटल नावांत आणि बोलीतील शब्दांत चुकतात, म्हणून प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करावी. काही संकलनाच्या अॅपमध्ये देवनागरी फॉन्ट नीट बसत नाही, जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. ‘विद्यार्थिनी’ हा एक शब्द लिहून पाहिला की दोष लगेच कळतो. बोली मात्र शुद्ध करू नये. ती आई ‘पोरगी’ म्हणाली असेल तर सबटायटलमध्येही ‘पोरगी’च असावे.

पाठवणे

तीन मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असणाऱ्यांनाच दिसेल असा, ठेवून त्याचा दुवा पाठवावा आणि व्हॉट्सअॅपसाठी एक मिनिटाची उभी आवृत्ती वेगळी करावी. आडवा व्हिडिओ नुसता कापून उभा केला तर अर्धा चेहरा बाहेर जातो. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश, ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. आपल्याला वाटते पाचशे जणांना गेला, पोहोचतो त्याहून कितीतरी कमी जणांना. म्हणून पावती देतानाच क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. सतत दहा-पंधरा वर्षे देणारे जे मोजके देणगीदार असतात, त्यांना नाव घालून वेगळा संदेश पाठवावा आणि दोन दिवसांनी फोन करावा.

व्हिडिओच्या शेवटी देणगीसाठी क्यूआर कोड घालताना एक काळजी घ्यावी लागते. पुण्यातील घराघरांतून हे व्हिडिओ परदेशातील मुलांकडे जातात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराद्वारे दिलेली देणगी कायद्याने परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, ती जन्माने पुणेकर असली तरी, परकीय अंशदान ठरते आणि त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान कायद्याखालील, नोंदणी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेले खाते लागते. नोंदणी नसेल तर कोडखालीच ‘केवळ भारतीय नागरिकांसाठी’ असे ठळक लिहावे.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागासाठी हाच व्हिडिओ पाठवू नये. त्यांना प्रकल्पाचे ठिकाण, कालावधी आणि मंजूर रकमेचा विनियोग हवा असतो, त्यासाठी वेगळी लहान आवृत्ती करावी. सर्वांना सर्व काही एकाच व्हिडिओत देण्याच्या प्रयत्नात तीन मिनिटांची अकरा मिनिटे होतात. देणगीदार मेळावा नवी पेठेत किंवा टिळक रस्त्यावरील एखाद्या सभागृहात असेल, तर फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, तेथील इंटरनेटवर विसंबू नये आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी शेवटच्या रांगेत बसून आवाज ऐकावा.

पाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा ते कोठे थांबले, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. यूट्यूब स्टुडिओतील आलेखात ते सेकंदासेकंदाने दिसते. आमच्या एका व्हिडिओत आलेख उद्घाटनाच्या दृश्यावर घसरला होता आणि शिकवणाऱ्या ताई रोजचा दिनक्रम सांगत होत्या तेथे सपाट राहिला होता. पुढच्या वर्षी उद्घाटन गेले आणि ताईंची वेळ वाढली.

व्हिडिओ पाठवून झाला की त्याच आठवड्यात मूळ चित्रीकरण, संमतिपत्रे आणि अंतिम फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि फोल्डरला वर्षाचे नाव द्यावे. मग जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्याच दिवशी अभ्यासिकेच्या दारातून खोलीचे वीस सेकंदांचे एक दृश्य घ्यावे; स्टँडचे तीन पाय जेथे टेकले तेथे फरशीवर रंगाने तीन ठिपके काढावेत, उंची आणि वेळ वहीत लिहावी आणि फेब्रुवारीत त्याच ठिपक्यांवर स्टँड ठेवून, त्याच वेळी, पुन्हा तेच दृश्य घ्यावे.